जुनी मस्टँग जीटी घ्यावी की बीएमडब्ल्यू एम ३४० आय? नागपूरकराने कशी निवड करावी?

इतवारीकर

नमस्कार मंडळी.

इतवारीतील लोहा ओळीत माझे सळई आणि पत्र्याचे दुकान आहे. गेली अकरा वर्षे एकच सेडान वापरतो आहे. या दिवाळीपर्यंत मनासारखी गाडी घ्यायची असे आता घरात ठरले आहे. म्हणजे मी ठरवले आणि सौभाग्यवतींनी ‘एकदाच’ या शब्दावर जोर देऊन संमती दिली. समोर दोन वापरलेल्या गाड्या आहेत. पहिली २०१८ ची फोर्ड मस्टँग जीटी, पुण्यातील एकाच मालकाची, एमएच-१२ पासिंगची. दुसरी २०२२ ची बीएमडब्ल्यू एम ३४० आय, आपल्या नागपुरातलीच. दोन्ही मालकांनी सांगितलेल्या किमतींत फारसे अंतर नाही, आणि कागदावरचे आकडेही जवळजवळ जुळतात. मस्टँगला ५ लिटरचे व्ही-८ इंजिन आणि सुमारे ४०० अश्वशक्ती, तर बीएमडब्ल्यूला ३ लिटरचे सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन आणि ३८७ अश्वशक्ती.

दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या, आणि खरा गोंधळ तिथूनच सुरू झाला. मस्टँग मी पुण्यात एका सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये सुरू केली. बटण दाबल्याबरोबर असा काही घुमारा उठला की मी नकळत मालकांकडे अपराधी नजरेने पाहिले. समोर खुर्चीत पेपर वाचत बसलेला वॉचमन मात्र दचकला नाही. त्याने केवळ मनगटावरचे घड्याळ पाहिले. मालक म्हणाले, “रोज साडेआठला निघतो, त्यावरच तो वेळ लावतो.” गाडी बाहेर काढून पहिल्या चौकापर्यंत गेलो, ताशी चाळीसच्या वर वेग नव्हता, तरीही मी हसत होतो.

बीएमडब्ल्यू पहाटे वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत नेली. सौभाग्यवती शेजारी बसून बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मी मधे एकदा पाय जरा जोरात दाबला आणि काट्याकडे पाहिले तर आकडा इथे लिहिण्यासारखा नव्हता. मात्र त्यांचे बोलणे एका शब्दानेही अडखळले नाही.

माझा रोजचा प्रवास मनीष नगर ते इतवारी, म्हणजे गर्दी, गतिरोधक आणि दुकानासमोर जेमतेम गाडीभर जागा. महिन्यातून दोनदा मालाच्या कामासाठी समृद्धी महामार्गाने जालन्याला जातो. विचारायचे असे की, आकडे सारखे असताना दोन्हींचा स्वभाव इतका वेगळा का? आपल्या मे महिन्यात यांतील कोणती गाडी टिकेल? आणि फोर्डने भारतातील कारखाने बंद केल्यानंतर मस्टँग घेणे हा शहाणपणा ठरेल का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त यंत्री

इतवारीकर, आपण विचारलेल्या स्वभावभेदाचे उत्तर इंजिनात शोधण्याआधी रस्त्यांत शोधावे लागेल. त्यासाठी मागे जावे लागते, म्हणून उत्तर लांबेल. आधीच क्षमा मागून ठेवतो.

प्रथम एक दुरुस्ती. मस्टँगला सरसकट मसल कार म्हटले जाते, परंतु १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ती आली तेव्हा ती तरुणांसाठीची आटोपशीर, स्वस्त आणि देखणी गाडी होती, आणि तिच्यावरून त्या वर्गाला ‘पोनी कार’ असे वेगळे नाव पडले. मसल कारचा मूळ अर्थ मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवणे एवढाच होता, आणि त्याचा आरंभ बहुतेक लोक त्याच वर्षीच्या पॉन्टियाक जीटीओपासून मानतात. जनरल मोटर्समध्ये तेव्हा असा अंतर्गत नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीला ३३० घन इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा, मोठे इंजिन द्यायचे नाही. पॉन्टियाकचे मुख्य अभियंता जॉन डीलॉरिअन यांनी ३८९ घन इंचांचे, म्हणजे ६.४ लिटरचे इंजिन टेम्पेस्ट या गाडीत बसवले आणि जीटीओ हे नवे मॉडेल नसून जुन्याच गाडीवरचा ‘ऐच्छिक संच’ आहे असे दाखवले, कारण नियम मूळ मॉडेलला लागू होता, ऐच्छिक संचाला नव्हता. मी आयुष्यभर सरकारी कारखान्यात नोकरी केली आहे. नवीन बाब मंजूर होत नसेल तर ती जुन्या बाबीचे परिशिष्ट म्हणून पाठवावी, ही विद्या केवळ आपल्याकडेच आहे असा माझा समज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या, मग नियमाची आठवण कोणी काढली नाही.

आता गंमत पाहा. १९६८ मध्ये मर्सिडीजने नेमके हेच केले. अतिविशाल ६०० लिमोझिनचे ६.३ लिटरचे व्ही-८ इंजिन त्यांनी एस वर्गाच्या सेडानमध्ये बसवले आणि ३०० एसईएल ६.३ तयार झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १९६७ मध्ये, हान्स वेर्नर आउफरेख्ट आणि एर्हार्ड मेल्खर या दोन अभियंत्यांनी मर्सिडीजच्या गाड्यांची ताकद वाढवणारी एएमजी ही कंपनी सुरू केली होती. त्यांनी याच गाडीचे इंजिन ६.८ लिटरपर्यंत वाढवले आणि ती अवजड लाल सेडान १९७१ च्या स्पा येथील २४ तासांच्या शर्यतीत एकूण क्रमवारीत दुसरी आली. म्हणजे ‘मोठे इंजिन, साधी पेटी’ ही कल्पना अमेरिकनांची आणि सूक्ष्मपणा तेवढा जर्मनांचा, ही वाटणी खरी नाही. आरंभी दोघेही सारखेच दांडगे होते.

वाटा फुटल्या त्या पुढे. अमेरिकन गाडीची कसोटी चतुर्थांश मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ पट्ट्यावर होत होती; एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत कोण आधी पोहोचतो एवढाच प्रश्न असे. ४०२ मीटरमध्ये ब्रेक तापत नाहीत, तेल उकळत नाही आणि वळण तर येतच नाही. मग १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला, शिसेविरहित पेट्रोलसाठी इंजिनांचा दाब कमी करावा लागला, विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते वाढवले आणि १९७३ च्या शेवटी तेलटंचाई आली. १९७४ ची मस्टँग तर अमेरिकेत व्ही-८ शिवायच विकली गेली. त्याच १९७४ साली अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा लावली. आणि त्याच वर्षी पश्चिम जर्मनीने ऑटोबानवर, म्हणजे आपल्या महामार्गांवर, ताशी १३० किलोमीटर हा केवळ सल्ला म्हणून ठरवला, सक्ती केली नाही. एका देशात वेगाने जाणे हा गुन्हा झाला, दुसऱ्यात ती ग्राहकाची रीतसर मागणी राहिली. ताशी २०० ने अर्धा तास सलग जायचे असेल तर नुसती ताकद पुरत नाही. तेल थंड ठेवावे लागते, ब्रेक दहाव्या वेळीही पहिल्यासारखे लागावे लागतात आणि गाडी वाऱ्याने हलता कामा नये. बीएमडब्ल्यूची १९७२ मध्ये स्थापन झालेली मोटरस्पोर्ट शाखा, म्हणजे आजचे ‘एम’, हीच मागणी पुरवत मोठी झाली. आपल्या सौभाग्यवतींचा फोन अडखळला नाही, त्याचे मूळ हे आहे.

जाता जाता एक सावधगिरी. १९७१ पर्यंतचे अमेरिकन अश्वशक्तीचे आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवू नयेत. तेव्हा इंजिन बाकावर बांधून, एअर फिल्टर, अल्टरनेटर आणि गाडीचा सायलेन्सर न लावता ताकद मोजत असत. गाडीत बसवलेल्या स्थितीतील आकडा देण्याची पद्धत १९७२ पासून रूढ झाली. क्रायस्लरच्या ४२६ हेमी इंजिनाची ती सुप्रसिद्ध ४२५ अश्वशक्ती पहिल्या पद्धतीची आहे.

हिंगणा रोड गॅरेज

काकांनी इतिहास सांगितला, तर मी लिफ्टवर चढवलेल्या गाडीखालून काय दिसते ते सांगतो.

इतवारीकर भाऊ, सर्वप्रथम ‘अमेरिकन’ आणि ‘जर्मन’ या पाट्या थोड्या सैल करा. तुम्ही पाहिलेल्या मस्टँगचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या रचनेवर आधारलेला आहे. फोर्ड तो परवाना घेऊन अमेरिकेत बनवत असे. तिकडे बीएमडब्ल्यूत झेडएफचाच आठ गिअरचा आहे, आणि त्याच घराण्यातला गिअरबॉक्स २०१५ पासून डॉज चॅलेंजरमध्येही बसत होता. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे चॅलेंजर आणि २००६ ची चार्जर या डॉजच्या गाड्या क्रायस्लर आणि मर्सिडीजची मालक डाइमलर एकत्र असतानाच्या काळात आखल्या गेल्या, त्यामुळे त्यांच्या सस्पेन्शनच्या रचनेत मर्सिडीजचा वारसा उघड दिसतो. अमेरिकेतील सर्वांत रांगडी म्हणून जी गाडी लोक मिरवतात, तिच्या अंगात अर्धे जर्मन रक्त आहे.

‘अमेरिकन इंजिन म्हणजे जुने तंत्र’ हेही मस्टँगला लागू होत नाही. शेव्हरोले आणि डॉज यांच्या बहुतेक व्ही-८ मध्ये आजही कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ब्लॉकच्या पोटात असतो आणि व्हॉल्व्ह लांब दांड्यांनी उघडतात. त्यात कमीपणा काही नाही, उलट इंजिन बुटके आणि आटोपशीर राहते. मात्र मस्टँगचे हे ५ लिटरचे इंजिन चार कॅमशाफ्टचे, ३२ व्हॉल्व्हचे, पूर्ण ॲल्युमिनियमचे आहे. तुम्हाला तळघरात ऐकू आलेला घुमारा क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, आकारामुळे येतो. या व्ही-८ मध्ये क्रँकच्या पिना एकमेकींशी ९० अंशांत असतात, त्यामुळे इंजिन एकूण समतोल चालते, पण एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत; दोन लागोपाठ, मग खंड, मग पुन्हा, अशी ती लय सायलेन्सरमधून बाहेर पडते. सरळ रांगेतले सहा सिलिंडर एकमेकांचे धक्के इतके नेमके खोडतात की चालू इंजिनवर नाणे उभे करून दाखवण्याचा खेळ आम्ही पोरांना दाखवतो.

आता तुमच्या अनुभवाच्या उलट वाटेल अशी एक गोष्ट. खालच्या फेऱ्यांवर जास्त ओढ बीएमडब्ल्यूला आहे, मस्टँगला नाही. टर्बोमुळे तिचा ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, मिनिटाला साधारण १९०० फेऱ्यांपासून ५००० पर्यंत सपाट मिळतो. मस्टँगचा ५१५ आहे, पण तो पुरता हाती येण्यासाठी इंजिन चार हजारांच्या वर न्यावे लागते. तरीही चाळीसच्या वेगात तुम्हाला हसू मस्टँगमध्ये आले, कारण तिथे पाय हलला की आवाज आणि धक्का त्याच क्षणी उत्तर देतात. बीएमडब्ल्यू काम करून मोकळी होते आणि सांगत नाही.

देखभालीचे बोलायचे तर दोन्हींची दुखणी वेगळ्या जातीची आहेत. एम ३४० आय चेन्नईत जोडली जाते, भाग मिळतात, कॉम्प्युटरवर दोष वाचणारी माणसे नागपुरात आहेत. पण तिच्या बोनेटखाली जागा नाही. गेल्या मे महिन्यात माझ्याकडे एक आलिशान सेडान टो करून आली. बिघाड म्हणाल तर कूलंटच्या नळीचा करंगळीएवढा प्लॅस्टिकचा जोड उष्णतेने कडक होऊन तडकलेला. भाग किरकोळ किमतीचा, पण तिथे हात पोहोचण्यासाठी दीड दिवस गाडी उघडावी लागली, आणि एका सर्व्हिस सेंटरने त्या ग्राहकाला अख्खी कूलिंग प्रणाली बदलण्याचा अंदाज आधीच दिलेला होता. मस्टँगचे बोनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात जातो आणि काम पटकन होते; मात्र भाग अमेरिकेहून मागवायचा तर आठवडे जातात आणि कस्टम ड्युटी वेगळी भरावी लागते. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा करताना सर्व्हिस आणि सुटे भाग सुरू ठेवू असे सांगितले होते, परंतु इकोस्पोर्टचे ब्रेक पॅड मिळणे आणि मस्टँगचे बंपर मिळणे यांत फरक आहे. तिच्या मालकाने भाग मोडायची वाट न पाहता फिल्टर, पॅड, प्लग आणि पाण्याचा पंप घरी आणून ठेवावेत.

इतवारीकर

काका आणि भाऊ, दोघांचेही मनापासून आभार. अर्धे जर्मन रक्त वाचून सौभाग्यवतींना फार आनंद झाला. त्यांच्या मते आता मस्टँगसाठी वेगळा युक्तिवाद उरलेला नाही. उष्णतेबद्दल मात्र थोडे अधिक लिहावे. गेल्या वर्षी माझ्या जुन्या सेडानचा एसी रामदासपेठेच्या सिग्नलवर दुपारी दोन वाजता बंद पडला होता, तेव्हापासून मी धसका घेतला आहे.

निवृत्त यंत्री

गणित सोपे आहे. हवा तापली की विरळ होते. २५ अंशांच्या तुलनेत ४६ अंशांना तिची घनता सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटते. मस्टँगचे इंजिन टर्बोविना, बाहेरची हवा जशी आहे तशी ओढणारे असल्याने तिच्या चारशे घोड्यांपैकी पंचवीस-सव्वीस घोडे मे महिन्यात सावलीला जाऊन बसतात. टर्बो इंजिन दाब वाढवून ही तूट भरून काढू शकते, परंतु दाबलेली हवा आणखी तापते आणि ती थंड करण्याचा भार इंटरकूलरवर पडतो. एम ३४० आयचा इंटरकूलर पाण्याने थंड होणारा असून तो इनटेकमध्येच, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेतच, बसवलेला आहे. एक-दोन वेळा जोर लावल्यास फरक जाणवणार नाही, पण भर उन्हात वारंवार ताणल्यास संगणक आपणहून ताकद आवरती घेतो. पेट्रोल दोन्हींना ९५ ऑक्टेनचे घालावे. अमेरिकन पंपावरचा ८७ हा आकडा आपल्या ९१ च्या बरोबरीचा असतो, कारण तिथे दोन पद्धतींची सरासरी लिहितात. त्यावरून ‘अमेरिकन गाडीला कसलेही पेट्रोल चालते’ असा निष्कर्ष काढू नये.

हिंगणा रोड गॅरेज

काकांच्या गणिताला पुस्ती म्हणून एक गोष्ट. कापसाच्या हंगामात वर्धा रोडने नियमित येणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या जाळीत तंतू आणि धूळ यांचा थर बसतो, अगदी गादीतल्या रुईसारखा. बीएमडब्ल्यूला एकामागे एक अशा जाळ्या असल्याने तो थर मधल्या फटीत अडकतो आणि बाहेरून गाडी स्वच्छ दिसते. फेब्रुवारीत बंपर काढून जाळ्या मागून पुढे अशा हलक्या पाण्याने धुऊन घ्याव्यात, कारण जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात.

डॉक्टर, दक्षिण नागपूर

मी तीन वर्षांपासून एम ३४० आय चालवते आहे आणि दर पंधरा दिवसांनी समृद्धीने छत्रपती संभाजीनगरला जाते. मस्टँगही मला परकी नाही. अमेरिकेत प्रशिक्षणासाठी असताना ॲरिझोनात तिच्यावर सलग आठवडाभर हिंडले आहे. त्या आठवड्याची आठवण सुखाची आहे, आणि तरीही इतवारीकरांच्या जालना फेऱ्या वाचून मला काही गोष्टी स्पष्ट लिहाव्याशा वाटतात.

समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि कॅमेरे आहेत, त्यामुळे चारशे अश्वशक्तीची गरज तिथे कोणालाच नाही. तिथे गरज असते ती थांबण्याची आणि सरळ राहण्याची. गेल्या पावसाळ्यात कारंजा आणि मालेगाव जहांगीरच्या दरम्यान संध्याकाळी रानडुकरांचा कळप दुभाजकातून अचानक पुढे आला. काँक्रीटवर पाण्याचा पातळ थर होता. मी ब्रेक पूर्ण दाबला आणि स्टिअरिंग थोडे डावीकडे घेतले. गाडी वाकडी न होता, आपली रेघ न सोडता थांबली, आणि मागच्या सीटवर झोपलेला माझा मुलगा ‘घर आलं का?’ असे विचारत उठला. मागच्या चाकांवर चालणारी ताकदवान गाडी त्या पाण्यात माझ्या हातून तशीच थांबली असती का, याची मला खात्री नाही. बीएमडब्ल्यूच्या चारही चाकांना मिळणारी ताकद ब्रेक लावताना कामी येत नाही हे मला ठाऊक आहे. मी एकूण तोलाबद्दल बोलते आहे.

दुसरी बाब मागच्या सीटची. गाड्यांच्या सुरक्षिततेची चाचणी घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने जानेवारी २०१७ मध्ये मस्टँगची चाचणी घेतली तेव्हा तिला पाचपैकी दोनच तारे मिळाले, आणि फोर्डने सुधारणा केल्यावर त्याच वर्षी तीन झाले. आक्षेपांपैकी एक मागच्या प्रवाशाचे शरीर पट्ट्याखालून घसरण्याबद्दलचा होता. दोन दारांच्या त्या गाडीत मागे बसणे मोठ्या माणसासाठी तशीही शिक्षाच आहे. मुले मागे बसणार असतील तर हे डोळ्यांआड करू नये.

मात्र गॅरेजवाल्या दादांनी लिहिलेले एक वाक्य माझ्या मनात घर करून राहिले आहे: बीएमडब्ल्यू काम करून मोकळी होते आणि सांगत नाही. हे खरे आहे. रुग्णालयातून रात्री घरी परतताना मला ती शांतता हवी असते. रविवारी सकाळी फुटाळ्याला चक्कर मारताना कधीकधी वाटते की या गाडीने काहीतरी बोलावे. आणि जे बोलते ते स्पीकरमधून येणारे असते, कारण आत ऐकू येणाऱ्या इंजिनाच्या आवाजाचा काही भाग यंत्रणेने भरलेला आहे. एकदा हे कळले की ते विसरता येत नाही.

टायरबद्दल एक सूचना दोन्ही गाड्यांना लागू आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारी समृद्धीवर निघू नये, आणि हवा थंड टायरमध्येच मोजावी. टायर तापलेला असताना वाढलेला दाब पाहून हवा सोडणारे बरेच लोक मी टोल नाक्यालगतच्या पंपावर पाहिले आहेत; टायर नेमका अशानेच फुटतो, कारण कमी हवेचा टायर अधिक वाकतो आणि अधिक तापतो. गाडीत स्टेपनी आहे की नाही, हेही निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

एमएच एकोणपन्नास

कागदपत्रांपुरते लिहितो. गाडी महाराष्ट्रातलीच असल्याने एमएच-१२ चा क्रमांक बदलणार नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्यावे, आणि कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवणारा फॉर्म ३५ आधी हाती घ्यावा, मगच पूर्ण पैसे द्यावेत. आयात गाडीचा चढ्या दराचा एकरकमी रस्ता कर पहिल्या मालकाने भरलेला असतो, तो पुन्हा लागत नाही. त्या मस्टँगवर बीएस-४ या जुन्या प्रदूषण मानकाची नोंद असेल, तेव्हा पुढेमागे ती विकताना, विशेषतः दिल्लीकडच्या ग्राहकाला, काय अडचण येऊ शकते याचा विचार आजच करावा. एका विक्रेत्याने मला आयात गाडीची मूळ बिले ‘नंतर पाठवतो’ म्हणून दोन वर्षे फिरवले आहे. बिले हातात आल्याशिवाय परत निघू नये.

किमतीचेही पाहा. मस्टँग जुलै २०१६ मध्ये भारतात ६५ लाखांना आली आणि एम ३४० आय मार्च २०२१ मध्ये ६२ लाख ९० हजारांना. पहिलीवर आयात शुल्काचा डोंगर होता, दुसरी इथे जोडलेली होती. म्हणजे मूळ देशात मस्टँग कितीतरी स्वस्त गाडी आहे. आपण दोघींना एका पंक्तीत बसवतो ते आपल्या करामुळे.

निवृत्त यंत्री

शेवटचा मुद्दा फार मोलाचा. त्याला जोडून एवढेच, की आपण ज्या दोन जातींची तुलना करतो आहोत त्या दोन्ही आता पातळ होत चालल्या आहेत. शेव्हरोले कॅमेरो आणि डॉज चॅलेंजर यांचे उत्पादन २०२३ संपता संपता थांबले. एएमजीने सी ६३ मध्ये व्ही-८ काढून २ लिटरचे चार सिलिंडर आणि बॅटरी बसवली. बीएमडब्ल्यूची २०२४ ची एम ५ हायब्रिड होऊन २४०० किलोंच्या पुढे गेली, म्हणजे वजनाच्या बाबतीत जर्मनांनीच जुन्या अमेरिकनांना मागे टाकले. व्ही-८ ची मस्टँग अजून टिकून आहे. माझे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि निर्णय माझ्या हाती असता तर मी डॉक्टरीणबाईंचे म्हणणे पूर्ण पटूनही मस्टँग घेतली असती. परंतु मला जालन्याला जायचे नाही आणि माझ्या मागच्या सीटवर आता कोणी बसत नाही.

इतवारीकर

डॉक्टरसाहेब, आपण लिहिलेला रानडुकरांचा प्रसंग मी घरात मोठ्याने वाचून दाखवला, ही माझी चूक झाली. मुलांसह जालन्याला मस्टँग जाणार नाही असा ठराव तत्काळ मंजूर झाला आहे. मी त्यावर असा उलट प्रस्ताव मांडला की जालन्यासाठी जुनी सेडान ठेवावी आणि तिची विक्री लांबणीवर टाकावी. त्यावर अजून चर्चा सुरू आहे. दरम्यान शनिवारी पुण्याला जाऊन मस्टँग पुन्हा एकदा नीट पाहून यावी असे ठरते आहे. गॅरेजवाले भाऊ, तिथे नेमके काय पाहू?

हिंगणा रोड गॅरेज

रात्रभर उभी असलेली, थंड इंजिनाची गाडी पाहा. तुम्ही पोहोचण्याआधी मालकाने सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. तिथल्या एखाद्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून पुढच्या बंपरची खालची कड, तेलाच्या चेंबरचा तळ आणि सायलेन्सरचे जोड पाहा. ही गाडी बुटकी आणि लांब आहे, तेव्हा गतिरोधकावर घासल्याचे ओरखडे असणारच. ओरखडा चालेल, वेल्डिंगची खूण चालणार नाही. मागच्या दोन टायरांवरचे उत्पादनाचे वर्ष वाचा. ते पुढच्या टायरांपेक्षा फार नवे असेल तर मालक साडेआठला सोसायटीतून निघाल्यावर पुढे काय करत होते ते समजेल. पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटाने दाबून पाहा, कारण आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे आणि गाडी त्याआधीची आहे. गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले त्याचे बिल मागा. आणि मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका, चांगली टॉर्च घेऊन जा.